नवा नोड ‘यूजे’वरच अडकतो: कॅसँड्रा क्लस्टरमध्ये घोडं नेमकं कुठे अडतं

कॅसँड्रा हा अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस. त्यातली एक मशीन म्हणजे नोड, सगळे मिळून क्लस्टर. तर नवा नोड सुरू केला. ‘नोडटूल’ या कमांडच्या ‘स्टेटस’मध्ये त्याच्यापुढे ‘यूजे’ दिसलं, म्हणजे नोड चालू आहे आणि रिंगमध्ये, डेटा वाटून घेणाऱ्या नोडच्या वर्तुळात, सामील होतोय. डिस्क भरत गेली, ३०० जीबी, ४०० जीबी. मग आकडा थांबला. तासभर वाट पाहिली, रीस्टार्ट दिला, आकडा थोडा हलला, पुन्हा थांबला. शेवटी वैतागून डेटा डिरेक्टरी पुसली, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ये रे माझ्या मागल्या.

हा प्रकार मी स्वतः भोगलाय आणि इतरांना भोगतानाही पाहिलाय. जवळपास प्रत्येक वेळी चूक तीच असते. नोड अडकला की आपण लगेच उपाय सुरू करतो, पण तो कोणत्या टप्प्यावर अडकलाय हे विचारत नाही. हीप (कॅसँड्राला दिलेली मेमरी) वाढवतो, डिस्क बदलतो, वेग कमी करतो, डेटा पुसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून इथे टप्प्याटप्प्याने जातो. उदाहरणं अपाची कॅसँड्राच्या ३.० ते ४.० या आवृत्त्यांवरची आहेत, कारण माझा हात त्यांच्यावर बसलाय.

नवा नोड येतो तेव्हा तीन कामं ओळीने होतात. आधी ओळख: सीड नोडशी (नव्याला ओळख करून देणारा ठरलेला नोड) गॉसिप, म्हणजे नोडमधली आपसातली माहितीची देवाणघेवाण, सुरू होतं आणि रिंगमध्ये कोण कोण आहे, कुणाकडे कोणती टोकनं आहेत, स्कीमा (टेबलांची रचना) कोणता, हे कळतं. मग जागा: नवा नोड स्वतःची टोकनं निवडतो, म्हणजे रिंगमधला कोणता भाग आपला हे ठरतं. मग माल: त्या भागाचा डेटा जुन्या नोडकडून स्ट्रीम होऊन येतो. असा डेटा घेऊन सामील होणं म्हणजे बूटस्ट्रॅप. पहिला टप्पा चालू असताना नोड इतरांच्या स्टेटसमध्ये दिसतही नाही. तिसरा टप्पा मात्र जोरात चालू असो, रखडलेला असो की तुटून तास झालेले असोत, स्टेटस तुम्हाला ‘यूजे’ एवढंच सांगतं. त्या दोन अक्षरांवर निर्णय घ्यायचा नाही.

आधी लॉग उघडा

नव्या नोडचा ‘सिस्टम.लॉग’ उघडून ‘जॉइनिंग’ शब्द शोधा. ओळी साधारण या क्रमाने येतात:

जॉइनिंग: वेटिंग फॉर रिंग इन्फर्मेशन
जॉइनिंग: वेटिंग फॉर स्कीमा इन्फर्मेशन टू कम्प्लीट
जॉइनिंग: गेटिंग बूटस्ट्रॅप टोकन
जॉइनिंग: स्लीपिंग ३०००० एमएस फॉर पेंडिंग रेंज सेटअप
जॉइनिंग: स्टार्टिंग टू बूटस्ट्रॅप

ते ३०००० मिलिसेकंद म्हणजे ३० सेकंदांची ठरलेली थांबणूक आहे. नव्या टोकनांची बातमी गॉसिपमधून सगळ्यांपर्यंत पोचावी म्हणून ती ठेवलेली असते, तिला अडकणं समजू नका. शेवटची कोणती ओळ दिसते त्यावरून टप्पा कळतो. एवढं एक काम केलं तरी निम्मी धावपळ वाचते.

पहिल्या ओळीच्या आधीच ‘अनेबल टू गॉसिप विथ एनी सीड्स’ असं येऊन नोड बंद पडला, तर प्रश्न नेटवर्कचा किंवा पत्त्याचा आहे. नोडमधला संवाद ७००० पोर्टवर चालतो, ३.x मध्ये एनक्रिप्शन असेल तर ७००१ वर. ९०४२ हा क्लायंटचा पोर्ट, तो उघडा असून इथे उपयोग नाही. तपासताना दोन्ही दिशा तपासा. नव्याकडून जुन्याकडे पोर्ट लागतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण जुन्या नोडनाही नव्याकडे स्वतःहून जोडणी उघडावी लागते. आणि ‘लिसन अ‍ॅड्रेस’मध्ये लोकलहोस्ट राहून गेलंय का, ते बघायला विसरू नका.

स्कीमाच्या ओळीवर घोडं अडलं असेल तर कोणत्याही जुन्या नोडवर ‘नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर’ चालवा. स्कीमाची एकच आवृत्ती सगळ्यांपुढे दिसली पाहिजे. दोन दिसल्या, किंवा काही पत्ते ‘अनरीचेबल’खाली गेले, तर आधी ते निस्तरा. क्लस्टर अर्धा अपग्रेड झालेला असताना, म्हणजे काही नोड जुन्या मोठ्या आवृत्तीवर आणि काही नव्या, असं असताना नवा नोड जोडायला जाऊच नका. तेव्हा स्ट्रीमिंग चालत नाही.

जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं

दुसरा टप्पा लॉगमध्ये काही सेकंदांत संपतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण इथल्या चुका पुढे अगदी वेगळ्या रूपात दिसतात.

पहिली चूक डेटासेंटरच्या नावाची. ‘गॉसिपिंग प्रॉपर्टी फाइल स्निच’ वापरत असाल तर नोडचं डेटासेंटर आणि रॅक ‘कॅसँड्रा-रॅकडीसी’ या छोट्या फाइलमधून येतात. तिथे मूळची ‘डीसी१’ आणि ‘रॅक१’ ही नावं तशीच राहिली आणि तुमच्या कीस्पेसमध्ये (टेबलांचा गट, किती प्रती कुठे ठेवायच्या ते तिथे ठरतं) वेगळं नाव असलं, तर नवा नोड स्टेटसमध्ये स्वतःच्या वेगळ्या ‘डेटासेंटर’ मथळ्याखाली एकटा बसलेला दिसतो. त्या डेटासेंटरमध्ये कुठलीच प्रत ठेवायची नाही असं कीस्पेस सांगते, म्हणून तो क्षणात ‘यूएन’ (चालू आणि पूर्ण सामील) होतो आणि लोड काही केबी राहतो. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही इथे वेगळं नाव मानला जातो.

दुसरी चूक रॅकची, आणि ती जास्त त्रास देते. समजा सगळे जुने नोड एकाच रॅकवर नोंदलेले आहेत, प्रती तीन, आणि नव्या मशीनला तुम्ही प्रामाणिकपणे तिचा खरा, वेगळा रॅक दिलात. ‘नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी’ प्रती शक्यतो वेगवेगळ्या रॅकवर ठेवते. नव्या रॅकमध्ये एकच नोड असल्यामुळे प्रत्येक ओळीची एक प्रत त्याच्याच वाट्याला येते. म्हणजे एक नवा नोड क्लस्टरमधल्या सगळ्या डेटाची पूर्ण प्रत मागवायला बसतो. ‘नोड अडकलाय, डिस्क भरली’ म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये हे कारण मला अनेकदा सापडलंय. ओळखायला सोपं आहे: स्टेटस चालवताना पुढे कीस्पेसचं नाव द्या, म्हणजे ‘ओन्स’ हा स्तंभ खरा वाटा दाखवतो. तिथे १०० टक्के दिसलं की कारण मिळालं. रॅक वाढवायचे असतील तर तो वेगळा आणि मोठा बेत आहे, एक नोड जोडता जोडता करायचं काम नाही.

तिसरी टोकनांची संख्या. ३.x मध्ये ‘नम टोकन्स’ची मूळ किंमत २५६ होती, ४.० मध्ये ती १६ झाली. जुना क्लस्टर ४.० वर आणला तरी त्याच्या फाइलमध्ये २५६ तसंच राहतं. मग काही महिन्यांनी नवी मशीन येते, तिच्यावर ४.० ची कोरी फाइल असते, तिच्यात १६. तो नोड बिनतक्रार सामील होतो आणि इतरांच्या सुमारे सोळाव्या हिश्शाएवढाच भार उचलतो. स्टेटसमध्ये ‘टोकन्स’ स्तंभ बघा, सगळ्यांपुढे सारखा आकडा हवा. नंतर फाइल बदलून हे सुधारत नाही, नोड सुरू व्हायलाच नकार देतो. त्याला डीकमिशन करून (डेटा इतरांकडे सोपवून बाहेर काढून), पुसून, पुन्हा जोडणं हाच मार्ग.

‘अदर बूटस्ट्रॅपिंग नोड्स डिटेक्टेड’ असा नकार आला तर दुसरा कुणीतरी आधीच सामील होतोय, त्याचं होऊ द्या. तीन मशीन एकदम मिळाल्या तरी एकामागून एकच जोडायच्या. आणि ‘अ नोड रिक्वायर्ड टू मूव्ह द डेटा कन्सिस्टंटली इज डाउन’ असं आलं तर जरा थांबून विचार करा. नवा नोड ज्या प्रतीची जागा घेणार असतो, डेटा तिच्याकडूनच घेतो, दुसऱ्या कुणाकडून नाही. त्यामुळे एखादं लेखन तीनपैकी दोनच प्रतींवर पोचलेलं असलं तरी जागाबदलात ते हरवत नाही. ती प्रत ज्या नोडवर आहे तोच बंद असेल तर कॅसँड्रा नकार देतो, आणि त्याच संदेशात ‘कन्सिस्टंट रेंजमूव्हमेंट’ बंद करायचा मार्गही सांगतो. तो पर्याय हाताशी आहे म्हणून वापरू नका. बंद नोड आधी उभा करा, किंवा तो कायमचा गेला असेल तर त्याच्या जागी दुसरा बसवा. तपासणी बंद करूनच पुढे जावं लागलं, तर नंतर पूर्ण रिपेअर, म्हणजे सगळ्या प्रती ताडून सारख्या करणं, भाग आहे.

माल येताना तुटतो तो प्रकार

आता मूळ तक्रारीकडे. लॉगमध्ये ‘स्टार्टिंग टू बूटस्ट्रॅप’ येऊन गेलंय, काही तास डेटा आलाय, आणि मग सगळं शांत. इथे पहिला प्रश्न: नोड अडकलाय की काम करतोय?

आधी थोडं गणित. स्ट्रीमिंगचा मूळ वेग एका पाठवणाऱ्या नोडमागे सेकंदाला २०० मेगाबिट असतो, म्हणजे २५ मेगाबाइट. एकाच नोडकडून १ टीबी यायचं झालं तर ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास लागतात. प्रत्यक्षात अनेक नोड एकदम पाठवतात म्हणून इतका वेळ जात नाही, पण ‘दोन तास झाले तरी संपत नाही’ हे काही आजाराचं लक्षण नव्हे. वेग वाढवायचा तर ‘नोडटूल सेटस्ट्रीमथ्रूपुट’ जुन्या नोडवर चालवायचं, कारण मर्यादा पाठवणाऱ्याकडे असते. ते नव्या नोडवर चालवून फरक पडत नाही म्हणणारे बरेच भेटतात.

मग ‘नोडटूल नेटस्टॅट्स’, कुणाकडून किती डेटा आला ते दाखवणारी कमांड. माझ्या ज्या क्लस्टरने मला हे सगळं शिकवलं त्याचा प्रसंग इथे तपशिलात सांगतो. आवृत्ती ३.०, ६ नोड, प्रती ३, प्रत्येकावर साधारण ८५० जीबी. सातवा नोड जोडायचा होता. तीन वेळा प्रयत्न फसला. पहिल्या वेळी आम्ही डिस्कवर संशय घेतला, दुसऱ्या वेळी हीपवर, तिसऱ्या वेळी वेग निम्म्यावर आणला. प्रत्येक वेळी डेटा पुसून पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी ठरवलं की पुसायचं काहीच नाही, दर १५ मिनिटांनी नेटस्टॅट्स आणि कॉम्पॅक्शनस्टॅट्स (नोडच्या आत मागे चालू असलेली कामं दाखवणारी कमांड) फाइलमध्ये साठवायचं आणि नुसतं बघायचं.

पाच तासांनंतरची नोंद अशी होती:

/१०.०.१.१२
रिसीव्हिंग १८७ फाइल्स, १३०४१७७८२९१६ बाइट्स टोटल. ऑलरेडी रिसीव्ड १८७ फाइल्स, १३०४१७७८२९१६ बाइट्स टोटल

सगळ्या फाइली आल्या होत्या. शेवटच्या बाइटपर्यंत. तरी ते सेशन संपलेलं दिसत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला हाच ‘अडकलेला’ नोड. पण त्याच वेळच्या कॉम्पॅक्शनस्टॅट्समध्ये ‘सेकंडरी इंडेक्स बिल्ड’ अशी ओळ होती आणि तिचा टक्का हळूहळू पुढे सरकत होता. आमच्या सगळ्यात मोठ्या टेबलवर दोन सेकंडरी इंडेक्स (मुख्य की सोडून इतर स्तंभावर शोधण्यासाठीच्या सूची) होते. फाइली आल्यावर नवा नोड त्यांचे इंडेक्स स्वतः नव्याने बांधतो, आणि ते झाल्यावरच पाठवणाऱ्याला ‘झालं’ असा निरोप देतो. म्हणजे नोड अडकलेला नव्हता, मान खाली घालून राबत होता. पहिल्या तीन वेळांपैकी निदान एकदा तरी आम्ही त्याला याच कामातून उठवून पुसलं असणार.

त्यानंतर दोन तासांनी ‘स्ट्रीम फेल्ड’ आलंच, आणि त्याच्या वर ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’. चार नोडची सेशनं नीट पूर्ण झाली होती. तुटलेली दोनच: १०.०.१.१२ आणि १०.०.१.१३. मागच्या तिन्ही वेळचे लॉग सुदैवाने जपून ठेवले होते. तिन्हींत नापास झालेले पत्ते हेच दोन होते. हे कळल्यावर हीप आणि डिस्क आपोआप संशयातून बाहेर पडले, कारण त्या गोष्टी पत्ता बघून बिघडत नाहीत.

ते दोन नोड जुन्या नेटवर्कमध्ये होते. मधे फायरवॉल होती, आणि जी जोडणी एक तास शांत राहील ती फायरवॉल आपल्या नोंदीतून काढून टाकायची, दोन्ही टोकांना काहीही न कळवता. इंडेक्स बांधायला लागत होते दोन-अडीच तास. तेवढा वेळ जोडणीवरून एक बाइटही जात नव्हता. जोडणी जिवंत आहे का हे तपासायला लिनक्सचा कर्नल ‘टीसीपी कीपअलाइव्ह’ वापरतो, पण त्याची पहिली हाक मूळ मांडणीनुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. तासाभरात दार बंद झालेलं, आणि हाक दोन तासांनी. पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं. इतर चार नोडना फायरवॉल ओलांडावी लागत नव्हती म्हणून ते सुटले.

उपाय तीन ओळींचा. सगळ्या नोडवर, नव्या आणि जुन्या, कर्नलच्या मांडणीत ‘टीसीपी कीपअलाइव्ह टाइम’ ६०, ‘इंटरव्हल’ १०, ‘प्रोब्ज’ ३. मशीन रीबूट झाली तरी टिकावं म्हणून ‘सिसकंट्रोल’च्या फाइलमध्येही तेच लिहायचं. मग नव्या नोडवर:

नोडटूल बूटस्ट्रॅप रिझ्यूम

ही कमांड २.२ पासून आहे आणि तरीही कितीतरी जणांना माहीत नसते. स्ट्रीमिंग तुटल्यावर नोड बंद पडत नाही, ‘यूजे’ म्हणून बसून राहतो आणि लॉगमध्ये हीच कमांड सुचवतो. जे भाग पूर्ण आलेत ते तो पुन्हा मागवत नाही, राहिलेलेच मागवतो. आमच्या बाबतीत दोन नोडचाच माल पुन्हा आला, इंडेक्स बांधून झाले, आणि त्या रात्री पहिल्यांदा त्या ओळीपुढे ‘यूएन’ दिसलं. तुटलेल्या सेशनमधले काही भाग दोनदा येऊ शकतात, त्यामुळे डिस्कवर थोडी जास्त जागा लागते. पुढे कॉम्पॅक्शन, म्हणजे फाइली एकत्र करून नको ते काढणारं काम, ती परत मिळवतं.

३.१० पासून स्ट्रीमिंग स्वतःच दर ३०० सेकंदांनी जिवंत असल्याची खूण पाठवतं, त्यामुळे हा नेमका प्रकार नव्या आवृत्त्यांत फारसा होत नाही. तरी कर्नलची ती तीन मूल्यं मी प्रत्येक क्लस्टरवर लावतो. फायरवॉलची मर्यादा पाच मिनिटांहून कमी असलेली नेटवर्कही असतात.

अडकलेला ‘यूजे’ नोड तसाच ठेवून घरी जाऊ नका, हे इथेच सांगायला हवं. सामील होणाऱ्या नोडकडेही नवी लेखनं पाठवली जातात, आणि त्या भागातल्या प्रत्येक लेखनाला नेहमीपेक्षा एक पोचपावती जास्त लागते. कोरमसाठी, म्हणजे प्रतींच्या बहुमतासाठी, दोन पुरत होत्या तिथे तीन. नवा नोड इंडेक्स बांधण्यात दमलेला असेल तर तुमच्या ॲपला लेखनाचे टाइमआउट दिसू लागतात, आणि त्यांचा संबंध नव्या नोडशी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

फार लवकर सामील झालेला नोड

अडकलेला नोड निदान दिसतो तरी. मला जास्त भीती वाटते ती दोन मिनिटांत ‘यूएन’ झालेल्या नोडची. ८५० जीबीच्या शेजाऱ्यांमध्ये ९० केबी लोड घेऊन तो हिरवा दिसतो, मॉनिटरिंगही खूश, आणि काही वेळाने तक्रारी येतात की ग्राहकांची काही माहिती कधी दिसते, कधी गायब होते.

कारण बहुतेक वेळा हे: नव्या नोडच्या सीड यादीत त्याचा स्वतःचाच पत्ता आहे. जो स्वतः सीड, तो बूटस्ट्रॅप करत नाही, कारण पहिलावहिला क्लस्टर उभा करताना कुणालातरी कुणाकडूनही डेटा न घेता सुरू व्हावंच लागतं. लॉगमध्ये तो स्पष्ट सांगतो: ‘धिस नोड विल नॉट ऑटो बूटस्ट्रॅप बिकॉज इट इज कन्फिगर्ड टू बी अ सीड नोड’. ओळ ‘इन्फो’ पातळीवर येते, म्हणून एरर शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटते. मांडणीची फाइल आपोआप बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘सगळे नोड हे सीड’ असं लिहिलेलं असलं की ही चूक दर वेळी, न चुकता होते.

दुसरं कारण जुन्या खुणा. डेबियनवर पॅकेज बसवताच सेवा आपोआप सुरू होते, तुम्ही फाइल बदलण्याआधीच. तेवढ्यात नोड एकट्याचा क्लस्टर बनवून मोकळा होतो आणि ‘सिस्टम.लोकल’ टेबलमध्ये ‘बूटस्ट्रॅप्ड’पुढे ‘कम्प्लीटेड’ लिहून ठेवतो. क्लस्टरचं नाव तेव्हा ‘टेस्ट क्लस्टर’ असेल तर नंतर ‘सेव्ह्ड क्लस्टर नेम’ जुळत नाही असा स्वच्छ नकार येतो आणि तुम्ही वाचता. पण एकदा चालू झालेल्या नोडवरून मशीनची इमेज बनवली असेल तर नाव जुळतं, ‘कम्प्लीटेड’ही असतं, आणि नोड डेटा न मागवता आत येतो. वर सगळ्या नकलांचा होस्ट आयडी एकच. इमेज बनवताना डेटा डिरेक्टरी रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

असं झालंच तर सगळ्यात आधी एक गोष्ट करू नका: जुन्या नोडवर ‘नोडटूल क्लीनअप’ चालवू नका. का ते सांगतो. नवा नोड रिंगमध्ये आला की त्याच्या भागाची जबाबदारी कागदोपत्री त्याच्याकडे जाते, पण जुन्या नोडच्या डिस्कवर तो डेटा अजून पडून असतो. तीच तुमची परतीची वाट. क्लीनअप ‘जे आपलं नाही ते’ काढून टाकतं. रिकाम्या नोडनंतर क्लीनअप म्हणजे एक प्रत खरोखर नष्ट. असे दोन-तीन नोड एकामागून एक घेतले असतील तर काही भागांच्या तिन्ही प्रती जाऊ शकतात, आणि मग बॅकअपशिवाय काही उरत नाही.

करायचं ते हे. रिकामा नोड ‘नोडटूल डीकमिशन’ने बाहेर काढा. सेवा नुसती बंद करू नका, कारण तो ‘यूएन’ असताना त्याच्याकडे जी नवी लेखनं गेली ती डीकमिशन जुन्या मालकांकडे परत पाठवतं. मग सेवा थांबवा, डेटा, कमिटलॉग, सेव्ह्ड कॅशेस आणि हिंट्स या चारही डिरेक्टऱ्या रिकाम्या करा. फक्त डेटा पुसून भागत नाही, जुना कमिटलॉग पुन्हा वाचला जातो. सीड यादी सुधारा, ‘नोडटूल गॉसिपइन्फो’मध्ये दुसऱ्या कुणाच्या हालचाली चालू नाहीत हे बघा, आणि पुन्हा जोडा. ‘असॅसिनेट’ हा शब्द मदतीच्या यादीत दिसला तरी तिकडे जाऊ नका, तो डेटाची काहीच काळजी न घेता नोडला गॉसिपमधून उडवतो. दुसरा कुठलाच उपाय चालत नसेल तेव्हाच त्याला हात लावायचा.

आम्ही कोरमने वाचतो, एक रिकामा नोड असला म्हणून काय, असंही मी ऐकलंय. लेखन तीनपैकी दोन प्रतींवर होतं, आणि त्यातल्या एकीची जागा आता रिकाम्या नोडने घेतली. उरलेल्या दोनपैकी एकीवर डेटा आहे, एकीवर नाही. वाचताना जर ती नसलेली आणि रिकामा नोड ही जोडी आली, तर उत्तर ‘काही सापडलं नाही’ असं येईल, तेही कोरम पूर्ण होऊन.

‘यूएन’ झाल्यानंतर

नीट बूटस्ट्रॅप झालेला नोडही पहिले काही तास हळू वाचतो. बाहेरून शेकडो छोट्या फाइली आलेल्या असतात आणि कॉम्पॅक्शनची रांग लागलेली असते. ‘नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स’मध्ये ‘पेंडिंग टास्क्स’ उतरताना दिसले की काळजी नाही. कॉम्पॅक्शनचा मूळ वेग ३.x मध्ये सेकंदाला १६ मेगाबाइट आहे, आजच्या एसएसडीला तो फार कमी, तो तेवढ्यापुरता वाढवायला हरकत नाही. फाइली वाढल्यामुळे ‘मॅप फेल्ड’ म्हणत नोड कोसळला तर हीपला दोष देऊ नका. कर्नलचं ‘मॅक्स मॅप काउंट’ १०४८५७५ वर आहे का ते पाहा. जुन्या नोडवर ते कधीकाळी कुणीतरी लावलेलं असतं, नव्या मशीनवर राहून जातं.

पुढचा नोड जोडायच्या आधी मी एक साधी पडताळणी करतो. नव्या नोडचा लोड शेजाऱ्यांच्या जवळपास आहे का, हे बघतो. मग त्याच्याच ‘सीक्यूएलएसएच’वर (क्वेरी चालवायचं साधन) जाऊन, कन्सिस्टन्सी ‘वन’ (एकाच प्रतीचं उत्तर पुरे) ठेवून, ‘गेटएंडपॉइंट्स’ने त्याच्याच वाट्याच्या म्हणून ओळखलेल्या दहा-बारा जुन्या ‘की’च्या ओळी वाचतो. ‘वन’ला विनंती जवळच्याच प्रतीकडे जाते असं ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून ट्रेसिंग चालू ठेवतो आणि उत्तर कोणत्या पत्त्यावरून आलं ते बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

सगळे नवे नोड आले, सगळ्यांची पडताळणी झाली, की मग क्लीनअप. जुन्या नोडवर, आणि एका वेळी एकाच नोडवर, कारण ते फाइली नव्याने लिहितं आणि तेवढा वेळ डिस्कवर मोकळी जागा लागते. शेवटच्या नव्या नोडवर ते लागत नाही. आधी जोडलेल्या नव्या नोडवर मात्र लागतं, कारण त्यांच्याकडचा काही भागही पुढे नंतरच्या नोडकडे गेलेला असतो. डिस्क भरलेली नाही म्हणून क्लीनअप महिनोन्‌महिने टाळू नका. जुन्या नोडवर पडून राहिलेल्या त्या ओळींना मधल्या काळात झालेल्या डिलीट कळत नाहीत. पुढे कधीतरी एखादा नोड डीकमिशन झाला, तो भाग पुन्हा त्या जुन्या नोडकडे आला, आणि टूमस्टोन (डिलीटच्या खुणा) मूळच्या १० दिवसांच्या मुदतीनंतर इतरत्र साफ झालेले असले, की पुसलेल्या ओळी परत दिसू लागतात. आमच्या त्या क्लस्टरवर सातवा, आठवा आणि नववा असे तीन नोड आले, आणि जुन्या सहांवर व त्या तिघांतल्या पहिल्या दोघांवर क्लीनअप चालवायला चार रात्री लागल्या.